गूगल अर्थ प्रो : प्रस्तरभंग वाढताना पाहायचा तर कितपत उपयोगी?

भूखंड ताणला जातो तेव्हा लांबलचक प्रस्तरभंग (फॉल्ट, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या आहेत अशी खडकातली भेग) एका दमात तयार होत नाही. आधी छोटे तुकडे पडतात, ते टोकांकडून वाढतात, एकमेकांच्या शेजारून पुढे जातात आणि मग जुळतात. पुस्तकातली आकृती हे दाखवते, पण मोजू देत नाही. मोजायचे असेल तर गूगल अर्थ प्रो हा मोफत डेस्कटॉप प्रोग्राम फार चांगला आहे, फक्त जागा नीट निवडायला हवी.

सर्वांत सोपी जागा म्हणजे कॅलिफोर्नियातील बिशप गावाच्या उत्तरेचे व्होल्कॅनिक टेबललँड. जवळच्या लाँग व्हॅली ज्वालामुखीच्या सुमारे ७.६५ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकात इथे ज्वालामुखीय राख पसरून घट्ट झाली. पठार जवळपास सपाट, हवा कोरडी, झाडोरा नाही. त्यामुळे नंतर जमीन जिथे जिथे खचली, तिथले कडे अजून ताजे दिसतात. १० ते १५ किमी उंचीवरून पाहिले की उत्तर-दक्षिण रेषाच रेषा उमटतात.

‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘थ्रीडी व्ह्यू’ इथे जाऊन उंचीची अतिशयोक्ती ३ करा. हा आकडा फक्त डोळ्यांनी शोधण्यापुरता, मोजताना पुन्हा १. सुमारे ३ किमी लांबीचा एकच कडा निवडा. त्याला काटकोनात, दर २५० मीटरवर, प्रत्येकी ४०० मीटरचा ‘पाथ’ काढा आणि उजव्या क्लिकने ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ उघडा. कड्याचा माथा आणि पायथा घेऊ नका. दोन्ही बाजूंच्या सपाट पृष्ठभागांच्या रेषा कड्यापर्यंत वाढवून त्यांच्यातला उभा फरक घ्या, हीच खच. पायथ्याशी साचलेली माती व दगडगोटे खचीचा काही भाग झाकतात, म्हणून कड्याची उंची म्हणजेच खच असे धरले की आकडा कमी येतो.

हे आकडे लांबीवर मांडले की खरी मजा दिसते. एकटा प्रस्तरभंग असेल तर खच मध्यावर सर्वाधिक आणि टोकांना शून्य. लांबीच्या साधारण शंभराव्या भागाइतकी, म्हणजे ३ किमीला ३० मीटरच्या आसपास, कमाल खच अपेक्षित धरावी. आलेखात दोन उंचवटे आणि मध्ये खळगा आला, तर तिथे दोन तुकडे जुळलेले आहेत. अजून न जुळलेल्या जोडीत दोन कड्यांमध्ये उतरत जाणारी पट्टी, म्हणजे रिले रॅम्प, स्पष्ट दिसते. प्रस्तरभंगाचे प्रतल क्षितिजाशी ६० अंशांनी कललेले धरले तर ३० मीटर खचीमागे जमीन सुमारे १७ मीटर ताणली गेली.

मात्र एक गोष्ट हे साधन सांगू शकत नाही. तुकडा आधी पूर्ण लांब झाला आणि मग खचत गेला, की लांबी व खच बरोबरीने वाढली, हा या विषयातला जुना वाद आहे. आजच्या एका भूरूपावरून तो सुटत नाही. त्यासाठी निरनिराळ्या वयाचे थर लागतात.

उणिवा खऱ्या त्रासदायक आहेत. प्रोफाइलमधले आकडे थेट तक्त्यात उतरवता येत नाहीत, कर्सर फिरवून हाताने लिहावे लागतात. टोकांकडचे मीटर-दोन मीटरचे कडे निसटतात, म्हणून लांबी कमी भरते आणि खच-लांबीचे प्रमाण उगाच फुगते. अमेरिकेबाहेर ही अडचण वाढते, कारण जगाच्या मोठ्या भागातल्या उंचीचा पाया फेब्रुवारी २००० ची एसआरटीएम, म्हणजे अंतराळयानातून रडारने जमिनीची उंची मोजणारी मोहीम आहे. इथिओपियातील दब्बाहू इथे २००५ मध्ये सुमारे ६० किमी लांब, काही ठिकाणी ८ मीटर रुंद डाइक, म्हणजे शिलारसाची उभी भिंत, जमिनीखाली घुसला आणि वर नव्या भेगा पडल्या. त्या पाहायच्या तर नंतरची छायाचित्रे चाळा, उंचीच्या आलेखात शोधू नका. केनियातील मगादी सरोवराभोवतीचे मोठे कडे मात्र याच आलेखात चांगले उठून दिसतात.

हीच पद्धत कोकणात वापरायचा मोह होईल. सह्याद्रीचा कडा हा थेट प्रस्तरभंगाचा कडा नाही. तो झिजत पूर्वेकडे सरकला आहे, असे बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. त्याची उंची खच म्हणून मांडली तर आलेख सुबक येईल आणि साफ चुकीचा असेल.