तिबेरियसची सहा नाणी आणि माझे १,६७,५०० रुपये

बनावट रोमन नाण्यांत फसून घालवलेली रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले हो?" असं नंतर कुणी विचारायला नको. १,६७,५०० रुपये. त्यात ३१,००० एका नाण्याचे आणि १,३६,५०० पाच नाण्यांच्या लॉटचे. कुरिअर आणि विम्याचे ८५० वेगळे. घरी मी "पन्नासेक हजार" असा आकडा सांगितला आहे, तेव्हा ओळखीच्यांनी हे वाचलं तर कृपा करून तोंड बंद ठेवावं.

मी नवशिका नाही. हे सांगणं भाग आहे, कारण पहिली प्रतिक्रिया "अभ्यास न करता कशाला घेता?" अशीच येते. मी रोमन चांदीच्या नाण्यांपैकी जवळजवळ एकाच छापाच्या मागे आहे: सम्राट तिबेरियसचा (इ. स. १४ ते ३७) डिनारियस. पुढे पानांचा मुकुट घातलेला सम्राट, मागे खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात दंड, दुसऱ्यात डहाळी, भोवती 'पॉन्टिफ मॅक्सिम' (मुख्य पुरोहित) ही अक्षरं. "कैसराचे ते कैसराला द्या" हे येशू ज्या नाण्याबद्दल बोलला ते हेच असं मानतात, त्यामुळे ख्रिस्ती देशांत मागणी दांडगी आणि भाव चढा. आपल्या दक्षिणेत सापडलेल्या रोमन चांदीतही आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या गायस-लूशियस (त्याचे नातू) छापाच्या जोडीला हाच छाप जास्त.

तिबेरियसच्या बहुतेक चांदीवर हाच एक छाप आहे. पण नाणं ठोकायचे ठसे हाताने कोरलेले, म्हणून बारकाव्यांत फरक. खुर्चीचे पाय कधी साधे, कधी नक्षीदार. बाईच्या पायांखाली कधी एक रेघ, कधी दोन. कधी पायाखाली छोटा पाट. दंड कुठे दंड आहे आणि कुठे उलटा धरलेला भाला, यावर मी वहीची पानं भरली आहेत. थोडक्यात, फरक शोधणं हाच माझा छंद. आणि मला गंडवलं ते फरक नसलेल्या नाण्यांनी.

पद्धत नेहमीचीच. विक्रेत्याने आधी रोमन सम्राट गॉर्डियन तिसऱ्याचं एक चांदीचं नाणं ४,२०० ला दिलं. खरं होतं, आजही माझ्याकडे आहे. पहिलं नाणं खरं देऊन विश्वास कमावतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. इतरांना मीच सांगत असे. पण त्याच्याकडे दिवंगत काकांचा जुना संग्रह होता, लंडनहून आणलेला, प्रत्येक नाण्यासोबत पिवळी पडलेली, शाईने लिहिलेली चिठ्ठी. "सर, तुमच्यासारख्या जाणकाराकडेच जावीत अशी इच्छा आहे." (चिठ्ठीला किंमत देऊ नका. कागद चहाच्या पाण्यातही पिवळा होतो.)

मग ३१,००० चा तिबेरियस आला. वजन ३.७१ ग्रॅम, अगदी हवं तसं. सम्राटाच्या कानामागे चंद्रकोरीसारखी बारीक खूण होती, भिंगाखाली खड्डा स्पष्ट. जुन्या काळी सराफ नाणं पारखताना असे छोटे ठोके मारत. मी कौतुकाने वहीत चित्र काढलं आणि नाणं ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतर लॉटचे फोटो आले. पाच तिबेरियस, प्रत्येकी २७,३००. तिसऱ्या नाण्यावर, कानामागे, त्याच जागी, तीच चंद्रकोर.

इथे थांबायला हवं होतं. या एका क्षणापायी मी रात्री जागा राहतो. सराफाचा ठोका एका नाण्यावर पडतो, ते टांकसाळीतून बाहेर पडल्यावर. दुसऱ्या नाण्यावर तो केसभरही न सरकता त्याच जागी पडूच शकत नाही. हे मला झोपेतही सांगता येईल. मी विक्रेत्याला विचारलंही. तो म्हणाला, "सर, एकाच ठशाची जोडी आहे. ठशालाच खोट असणार. तुमच्या अभ्यासाला तर सोनंच!" आणि मी खूश झालो. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी मिळणं म्हणजे आमच्यासारख्यांना लॉटरी.

आता माझी बाजूही ऐका. ठशाला चीर पडली तर त्या चिरेत चांदी शिरते आणि नाण्यावर उंचवटा येतो. ठोक्याचा मात्र खड्डा. फोटोत ती कोर मला उंचवटा दिसत होती, कारण त्याने उजेड खालच्या बाजूने टाकला होता. उजेड खालून आला की डोळ्याला खड्डा फुगलेला भासतो. हे त्याने मुद्दाम केलं की नाही देव जाणे, मला तरी मुद्दामच वाटतं. शिवाय नाणं वेगळ्या कोनात फिरवलेलं, जास्त काळवंडवलेलं. वर "संध्याकाळपर्यंत हैदराबादची पार्टी पैसे टाकतेय." पण माझं नाणं हाताच्या अंतरावर, ड्रॉवरमध्ये होतं. ते काढून फोटोशेजारी धरायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी त्याऐवजी पैसे पाठवले.

लॉट आल्यावर दोन्ही नाणी एका दिव्याखाली ठेवली. कोर तीच, खड्डाच. कडेला सात वाजता असतो त्या जागी टवका तोच. 'पॉन्टिफ'चा 'प' दोन्हीकडे अर्धाच उमटलेला. हाताने ठोकलेल्या नाण्यात चकती दर वेळी वेगळी बसते. ठसा एकच असला तरी कड वेगळी, मध्य वेगळा. कडेसकट सगळं जुळलं म्हणजे एका खऱ्या नाण्यावरून साचा करून पुढची पिल्लं काढली आहेत. बाकीच्या चारांतही अशीच एक जोडी निघाली.

ओळखीच्या सराफाच्या मशीनवर सहाही नाणी तपासली. चांदी ९२.५ टक्के, उरलेलं तांबं. म्हणजे आजच्या दागिन्यांची चांदी. तिबेरियसच्या काळची चांदी ९५ च्या चांगली वर असते, आणि जुन्या नाण्याचा पृष्ठभाग तर आतल्यापेक्षा शुद्ध निघतो, कारण वरचं तांबं गंजून निघून जातं. जुन्या चांदीत सोन्याशिशाचा किंचित अंश राहतो, इथे मागमूस नाही. तेव्हा "चांदी खरी आहे, वजन बरोबर आहे" यावर भाळू नका. नंतरचा सम्राट नीरो याने इ. स. ६४ च्या सुमारास डिनारियसचं वजन घटवलं, म्हणजे तिबेरियसचं नाणं त्याहून जड हवं, हे बनावट करणाऱ्यालाही ठाऊक असतं, तोही पुस्तकं वाचतो.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं, मग नंबरच बंद. इथून खरी करमणूक सुरू.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात, मग फसवणूक कसली? चौकीत म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. मग म्हणाले, समोरचा परराज्यातला, आमची हद्द नाही. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं, तर साहेबांनी नजर वर करून विचारलं, "काका, दोन हजार वर्षांची नाणी तुमच्याकडे कशी? परवाना आहे?" मी म्हटलं, साहेब, तीच तर तक्रार आहे, ती दोन हजार वर्षांची नाहीत, खोटी आहेत. "खोटी नाणी? म्हणजे बनावट चलन?" शेजारचा हवालदार लगेच सावरून बसला. ज्या साम्राज्याचं चलन बंद होऊन दीड हजार वर्षं झाली, त्याच्या बनावट नाण्यांसाठी मीच आत जातो की काय अशी वेळ आली.

शेवटी म्हणाले, खोटी असल्याचं सरकारी पत्र आणा. एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे उत्तर, पुरावस्तू नसल्याचा दाखला परदेशी पाठवायच्या वस्तूंना देतो, तुम्ही कुठे पाठवताय? कुठेच नाही. मग नाही. एका संग्रहालयात विचारलं, तिथल्या बाईंनी नाणी बघून हळूच मान हलवली, म्हणजे त्यांना कळलं होतं, पण "खासगी वस्तूंवर आम्ही लेखी मत देत नाही." पोलिसांना कागद हवा, कागद देणारा कुणी नाही, आणि ठग आरामात पुढचं गिऱ्हाईक शोधतोय. माझ्या हाती आला फक्त शिक्का मारलेला तक्रार अर्ज. एफआयआर नाही. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मला ते नंतर कळलं. तुम्ही आधीच छापून न्या.

पैसे गेल्याचं कळताच तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी सराफाची वाट बघत बसलो. नाण्याच्या कडेचे फोटो मागा, आणि दिवा फिरवत काढलेला व्हिडिओ. जो "कुरिअर झाल्यावर बघा" म्हणतो त्याला सोडा. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो, तो मागितल्यावर काय उत्तर येतं तेही ऐकण्यासारखं असतं. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ओसीआरई या संकेतस्थळावर रोमन साम्राज्याची नाणी फोटोंसह फुकट बघता येतात. लॉटमधली नाणी आधी एकमेकांशी ताडून बघा, कॅटलॉग नंतर. आणि "सर, तुमच्यासारखा जाणकार" हे शब्द आले की फोन ठेवा.

गेल्या आठवड्यात त्याच साच्यातलं चंद्रकोरीचं नाणं दुसऱ्या नावाने विक्रीला आलेलं दिसलं, ३४,००० ला. भाव वाढवलाय हरामखोराने. कुणाकडे तिबेरियस असेल, कानामागे चंद्रकोर, मागच्या बाजूला अर्धा 'प', सातच्या जागी टवका, तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, पैसे पाठवल्याची पावती आणि खातं ज्या बँकेत होतं तिचं नाव जपून ठेवा आणि मला कळवा. दहा जणांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर निदान 'दिवाणी बाब' तरी म्हणता येणार नाही.