भूपट्टांची टक्कर आणि दीर्घिकांची टक्कर

दोन्हींना टक्करच म्हणतात, पण आत काय घडतं ते पाहिलं तर या घटना अगदी निराळ्या आहेत.

भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड, सरकते तुकडे. त्यांच्या टकरीत खडक खरोखरच खडकाला भिडतो. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला येऊन धडकला. मधला टेथिस समुद्र मिटत गेला आणि त्याच्या तळाचा गाळ घड्या पडून वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडी आहे, तिच्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. मला हा पुरावा कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त पटतो. आणि ही टक्कर संपलेली नाही. भारत अजूनही वर्षाला 4-5 सेंटीमीटर सरकतोय. 2015चा नेपाळचा भूकंप याच रेट्यातून झाला.

दीर्घिकांचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं, तसं नाही. देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगानं आपल्या आकाशगंगेकडे येतेय, पण मध्ये 25 लाख प्रकाशवर्षं आहेत. समजा दोघी भिडल्याच, तरी तारे एकमेकांवर आदळणं जवळपास अशक्य. सूर्य संत्र्याएवढा धरला, तर सर्वांत जवळचा तारा सुमारे 2000 किलोमीटरांवर येतो! आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले जाऊन नवे तारे जन्मतात. गुरुत्वाकर्षण मात्र दोन्ही दीर्घिकांचा आकार पार विस्कटून टाकतं. अर्थात, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या 10 अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता निम्मीच आहे.