लातूरच्या पोरांनी बनवलेली मॅजिक कार्डं: कोणती छापावीत, कोणती सोडावीत

लातुरात 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळणाऱ्यांची एक छोटी टोळी आहे. रविवारी संध्याकाळी बॅचेस संपल्या की ट्युशन एरियातल्या एका वर्गात बाकं जोडून बसतात. त्यांनी यंदा स्वतःची कार्डं बनवायची स्पर्धा घेतली. विषय मराठवाडा, बाकी मोकळीक. बीड, परभणी, नांदेडकडूनही कार्डं आली. त्यातली निवडक आता पीडीएफमध्ये फुकट वाटताहेत: छापा, कापा, खेळा. मी परीक्षकांपैकी एक होतो, त्यामुळे मला तटस्थ समजू नका. पण फिजिक्स शिकवतो आणि अर्धा मार्कसुद्धा उगीच देत नाही, हे इथली पोरं सांगतील.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवलेला हा खेळ 1993 मध्ये बाजारात आला. दोघांकडे स्वतः जुळवलेला किमान 60 कार्डांचा डेक, प्रत्येकी 20 जीव. कार्ड खेळायचं तर चलनासारखा 'माना' मोजावा लागतो आणि तो मुख्यतः जमिनीच्या कार्डांतून येतो. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग, प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला. खेळ काढणाऱ्या कंपनीचे डिझायनर चाहत्यांनी पाठवलेली कार्डं कायदेशीर कारणांमुळे वाचत नाहीत. म्हणून चाहत्यांनीच बनवायची आणि चाहत्यांनीच तपासायची.

कार्ड बनवणं म्हणजे चित्र काढणं, असा बहुतेकांचा समज दिसला. चित्राला आम्ही दहापैकी एकच मार्क ठेवला होता; हल्ली चित्र कुणीही मशीनकडून दोन मिनिटांत काढून घेतो. नियमाच्या शब्दांना चार, किमतीला तीन, आणि विषय नियमात उतरलाय का याला दोन. भांडणं झाली ती किमतीवरून. त्यासाठी मी पोरांना अगदी पहिल्या संचातली पाच कार्डं दाखवतो. पाचही एका मानाची आणि पाचांतही आकडा तीनच. लायटनिंग बोल्ट तीन जीव घेतं, हीलिंग साल्व्ह तीन जीव देतं, जायंट ग्रोथ प्राण्याला पाळीपुरतं तीनने मोठं करतं, डार्क रिच्युअल तीन काळे माना देतं, अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं देतं. कागदावर पाची भावंडं सारखी. प्रत्यक्षात हीलिंग साल्व्हकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि रिकॉल इतकं भारी, की व्हिंटेज या स्पर्धा-प्रकारात डेकमध्ये एकच ठेवता येतं, लेगसी प्रकारात तर बंदीच आहे. खुद्द गारफिल्डला पहिल्या खेपेला जे साधलं नाही ते बारावीच्या पोराला साधावं, अशी अपेक्षा नाही. प्रयत्न तरी दिसावा.

बऱ्याच ठिकाणी तोही दिसला नाही. "दोन माना, 12/12, उडतो, मरत नाही" या जातीची कार्डं ढीगभर आली. (12/12 म्हणजे मारायची ताकद 12, सोसायची 12.) "सर, ह्याला कुणीच मारू शकत नाही!" एकाने अभिमानाने सांगितलं. मग समोरच्याने बसायचं तरी कशाला? आयोजकांचा एक नियम मात्र शहाणपणाचा होता: देव, संत आणि महाराज कार्डावर नकोत. इथे जवळजवळ प्रत्येक कार्ड कधी ना कधी ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद कार्डांच्या गठ्ठ्यात, जातं. नसता वाद टेबलावर कोण घेईल?

आता कामाची कार्डं. 'जलदूत' हे परभणीच्या पोराचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. पोराने ते असं बसवलं: किंमत तीन माना, रंग कुठलाही. कार्ड पाण्याच्या पाच खुणा (वर ठेवायच्या सोंगट्या) घेऊन टेबलावर येतं. एक खूण काढा, हव्या त्या रंगाचा एक माना घ्या. शेवटची खूण निघाली की कार्ड परत हातात. रिकामी गाडी मिरजेला! वाचून मी खूश. नियमच सगळं सांगतोय, खाली तिरक्या अक्षरांत कविता लिहायची गरज उरली नाही. (कविता लिहिली होतीच. ती वगळून वाचा.)

शेजारचा परीक्षक हैदराबादेत स्पर्धा खेळून आलेला. त्याने विचारलं, "ह्यात टॅप कुठंय?" नव्हतंच. टॅप म्हणजे कार्ड आडवं करणं. आडवं झालेलं कार्ड साधारणपणे आपल्या पुढच्या पाळीलाच सरळ होतं. ती अट नसली की पाचही खुणा एका दमात काढता येतात. तीन माना घातले, पाच मिळाले, गाडी हातात. त्यातल्या तिनांत पुन्हा गाडी, पुन्हा पाच. दर फेरीला दोन माना वर आणि फेऱ्यांना अंत नाही. लातूरला एका पाळीत समुद्र आला असता. पोराला फोन लावला तर म्हणतो, "सर, टॅप मी गृहीतच धरलं होतं." गृहीत धरलेल्याला मार्क नसतात, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पीडीएफमध्ये टॅप घातलेलं आहे, आता ते संथ आणि भरवशाचं कार्ड झालंय. दुसरा क्रमांक.

वेरूळचं कैलास लेणं, क्रमांक 16, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं. संभाजीनगरच्या एका मुलीने त्याचा 0/10 कातळ केला, त्यावर दगडाच्या दहा खुणा. दर पाळीला एक खूण काढायची. सगळ्या निघाल्या की कातळाचं मंदिर होतं आणि तुमचे सगळे प्राणी बळावतात. काढून टाकत घडवायचं, ही कल्पना स्पर्धेतली सर्वात देखणी. पण आमचे डाव सातव्या-आठव्या पाळीत आटपतात, मंदिर कुणाला दिसणार? शिवाय मजकूर नऊ ओळींचा, भिंग लागेल. खुणा चार कर म्हटलं, तर ऐकेना. "सर, चार खुणांत कैलास होतं का?" यावर आम्ही गप्प.

हुरडा, पैठणी, नान खलिया यांची कार्डं ठीक. खाल्लं की दोन जीव वाढतात, यापलीकडे कुणी गेलं नाही.

पहिला क्रमांक 'उचल'ला, बीड जिल्ह्यातल्या मुलीच्या. ऊसतोडीला जाणारी जोडी, म्हणजे एक 'कोयता', हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते ती उचल. कार्ड काळं, एन्चान्टमेंट (म्हणजे टेबलावर टिकून राहणारं), किंमत एक काळा माना. टेबलावर आलं की दोन कार्डं घ्या. तुमच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक जीव गमवा. चार माना भरलेत तर उचल फिटली, कार्ड ग्रेव्हयार्डात. संपला नियम. कंपनीचं नाइट्स व्हिस्पर दोन मानात दोन कार्डं देतं, दोन जीव घेतं आणि मोकळं होतं. हे निम्म्या किमतीत तेवढंच देतं आणि मानगुटीवर बसून राहतं. तात्पुरता मंत्र न करता एन्चान्टमेंट केल्यामुळे कर्ज टेबलावर डोळ्यांसमोर असतं, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. ही समज अनुभवी डिझायनरची.

खेळताना तर ते आणखी उलगडतं. एका पोराने दुसऱ्या पाळीला एक उचल घेतली, हात रिकामा झाला म्हणून चौथ्या पाळीला दुसरी. चार माना फेडीत घालावेत तर त्या पाळीला प्राणी उतरत नाही. न घालावेत तर जीव गळतोय. त्याने तिसरी घेतली. समोरच्याला फारसं काही करावंच लागलं नाही. खोट एकच: झटपट लाल-काळ्या डेकमध्ये हे फार स्वस्त पडतं, चार-पाच जीव जाईपर्यंत डाव संपलेला असतो. म्हणून किमतीचा एक मार्क कापला. चित्र म्हणून मुकादमाच्या वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, नावं खोडलेली. चित्राचा मार्क पूर्ण.

छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर माप चुकतं. कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरच हवं. जाड आर्ट कार्डाच्या भानगडीत पडू नका. साध्या कागदावर छापून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात) जुन्या कार्डापुढे सरकवा, म्हणजे पिसताना वेगळं लागत नाही. काळ्या चौकटीवरची बारीक अक्षरं घरच्या इंकजेटवर फुटतात. 'उचल' तरी लेझरवर काढा. अधिकृत स्पर्धेत यातलं काहीच चालणार नाही. जलदूतच्या चार प्रती, उचलच्या चार आणि कैलास एक, एवढं पुरे.