मेरठचे तीन पिस्टनचे यूफोनियम: गावच्या बँड पथकाने घ्यावे का?

दारव्हा तालुक्यातील आमच्या बँड पथकाने लग्नसराईच्या तोंडावर मेरठच्या एका छोट्या कारखान्यातून तीन पिस्टनचे (स्वर बदलण्यासाठी दाबायच्या तीन दट्ट्यांचे) नवे यूफोनियम, म्हणजे मोठ्या भोंग्याचे पितळी फुंकवाद्य, मागवले. यवतमाळपर्यंतच्या ट्रान्सपोर्ट भाड्यासह ते १८,५०० रुपयांना पडले. लग्नाच्या वरातींत, पोळ्याला, गणपती विसर्जनाला आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ते भरपूर वाजून झाले असल्यामुळे आता त्याच्याविषयी ठामपणे लिहिता येते. मधल्या पट्टीचा भरदार सूर हवा असेल तर या किमतीत हे वाद्य अवश्य घ्यावे. मात्र बासची, म्हणजे अगदी खालच्या सुरांची, उणीव भरून काढण्यासाठी ते घेणाऱ्याची फसगत होईल.

हा भेद आधी सांगावा लागतो, कारण दुकानदार मोठ्या भोंग्याच्या प्रत्येक वाद्याला सरसकट ‘बास’ म्हणतो. यूफोनियमची नळी सरळ केली तर साधारण ९ फूट, म्हणजे ट्रंपेटच्या दुप्पट भरते. त्यामुळे ते ट्रंपेटपेक्षा बरोबर एक सप्तक खाली बोलते. ट्यूबा आणि अंगाभोवती घालून वाजवायचा सूझाफोन ही त्याच्याहून मोठी पितळी वाद्ये त्याहूनही खाली उतरतात. यूफोनियमचा मुख्य मुलूख पुरुषाच्या गाणाऱ्या गळ्याचा आहे. ट्रंपेट आणि क्लॅरोनेट गाण्याची चाल वाजवत असताना तिच्या खालून दुसरी ओळ चालवणे, कडव्यांमधली रिकामी जागा भरणे आणि चाल तारसप्तकात गेली की षड्ज-पंचम धरून ठेवणे ही त्याची कामे. आमचे मास्तर म्हणतात, ‘‘टाळ्या ट्रंपेटले भेटतात, पन वरात चालते तं इफोनियमवर.’’ डीजेच्या भिंतीसमोर टिकायचे म्हणून अनेक पथकांनी की-बोर्ड आणि स्पीकरचा ठेला घेतला, ढोल वाढवले आणि यूफोनियम मात्र वाजवणारा म्हातारा झाला तसे बाजूला ठेवून दिले. माझ्या मते हा हिशेब चुकला. ट्रंपेट आणि ढोल यांच्यामधला थर निघून गेल्यावर पथक कर्कश वाटू लागते आणि घरमालक दुसऱ्या दिवशी ‘आवाज फार होता’ एवढेच सांगतो.

वाद्याची घडण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पितळी वाद्यांना पिस्टन नव्हते तेव्हा खालच्या सुरांची मोठी पंचाईत होती. फ्रान्समधील ओसेर गावी १५९० च्या सुमारास तयार झाले असे मानले जाणारे सर्पंट हे नागमोडी वाद्य लाकडाचे, वरून चामड्याने मढवलेले होते आणि त्याची छिद्रे बोटांनी झाकावी लागत. १८१७ मध्ये पॅरिसचे वाद्यकार हलारी यांनी बनवलेल्या ऑफिक्लाइडने अंग पितळेचे केले. पण स्वर बदलण्यासाठी त्यालाही नळीला भोके आणि त्यांवर झाकणाऱ्या चाव्याच होत्या. व्हॉल्व्हने, म्हणजे हवेची वाट बदलणाऱ्या झडपेने (पिस्टन हा तिचाच एक प्रकार), हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. नळीला भोक पाडण्याऐवजी पिस्टन दाबला की हवेला जादा नळीतून वळसा घ्यावा लागतो, नळी लांबते आणि स्वर उतरतो. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या जर्मन वादकांना या कल्पनेचे पेटंट १८१८ मध्ये मिळाले, बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी १८३५ मध्ये ट्यूबाचे पेटंट घेतले आणि यूफोनियमचे श्रेय सहसा वायमारचे फर्डिनांड झोमर यांना, १८४३ साली, दिले जाते. त्याच दशकात अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्न या लहान-मोठ्या व्हॉल्व्हच्या पितळी वाद्यांचा गोतावळा उभा केला. वर बघणारा भोंगा आणि उजव्या हाताखाली उभे तीन पिस्टन असा जो घाट आज मेरठहून येतो, तो इंग्रजी बँडमध्ये रुळलेला घाट होय.

इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही वाद्ये इकडे आली. आमच्या विदर्भात कामठीची छावणी १८२१ ची. मेरठची छावणी तर उत्तर हिंदुस्थानातील मोठ्या छावण्यांपैकी एक. तेथे नादिर अली यांनी १८८५ मध्ये वाद्यांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. आमचे वाद्य त्या नामांकित पेढीचे नाही, हे येथेच स्पष्ट करतो. ज्या कारखान्याचे आहे त्याचे नाव देण्याचे कारण नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्या या किमतीच्या बहुतेक मालाला कमी-अधिक लागू पडतात.

सर्वांत मोठी मर्यादा सुराची आहे आणि ती कारागिराच्या हातातली नाही. दुसरा पिस्टन सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने, तिसरा दीड स्वराने. प्रत्येकाची जादा नळी मूळ लांबीच्या हिशेबाने कापलेली असते: दुसऱ्याची सुमारे ६ टक्के, पहिल्याची १२, तिसऱ्याची १९. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की मिळते ३१ टक्के, आणि अचूक स्वरासाठी लागते जवळपास साडेतेहतीस. तिन्ही दाबले तर मिळते ३७ आणि लागते ४१ च्या वर. नळी आखूड पडते, म्हणून स्वर चढा लागतो. खुल्या नळीचा खालचा स्वर षड्ज धरला, तर त्याच्या लगतचा कोमल आणि शुद्ध रिषभ आणि त्या षड्जाखालचा पंचम व तीव्र मध्यम हे चार स्वर हटकून चढतात. वाजवणाऱ्याने ओठ सैल सोडून ते खाली ओढावे लागतात. आमच्या वाद्यात तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी थोडी बाहेर काढून ठेवली की पंचम बराच सुधारतो. यावरचा खरा उपाय इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढला. त्यांच्या रचनेत पिस्टन एकत्र दाबले की हवा परत फिरून छोट्या पूरक नळ्यांतून जाते आणि कमी पडलेली लांबी भरून निघते. चार पिस्टनची तशी यूफोनियम आजही बनतात. पण त्यांची किंमत लाखांत जाते आणि गावच्या पथकाने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या कानाला सोयीची आहे. पिस्टन न दाबता खुल्या नळीतून निघणारा वरचा शुद्ध गंधार निसर्गतः की-बोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरा असतो. तो तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार होय. की-बोर्ड बंद ठेवून भजनाची चाल वाजवली तेव्हा हा स्वर इतका गोड लागला की क्लॅरोनेटवाल्याने मान वळवून पाहिले. ठेल्यावरचा की-बोर्ड सोबत असला की मात्र तोच स्वर ओठांनी किंचित वर ढकलावा लागतो.

आता घडणीविषयी. पत्रा अपेक्षेपेक्षा जाड निघाला. भोंग्याच्या काठावर नखाने टिचकी मारली तर आवाज बसका येत नाही, आणि जोडांवर डाख कुठे ओघळलेला नाही. भंडाऱ्याची पितळी भांडी वापरत वाढलेल्या माणसाला एवढी पारख असतेच. तिसऱ्या पिस्टनने मात्र पहिल्याच दिवशी त्रास दिला. दाबल्यावर तो खाली जाई आणि निम्म्यावर अडकून बसे. टोपी उघडून बाहेर काढल्यावर दिसले की त्याच्या अंगावर पॉलिशची राखाडी पेस्ट तशीच वाळलेली होती आणि खाचेत पितळेचा बारीक कीस होता. कोमट पाणी, साबण आणि काठीला गुंडाळलेले सुती कापड यांनी तिन्ही कोठ्या आतून पुसल्या, कीस काढला, पिस्टनवरील आकडा पाहून ज्याचा तो त्याच कोठीत बसवला आणि मग तेल दिले. त्यानंतर तो अडकला नाही. तपासणी न करता माल बाहेर पाठवल्याचे हे लक्षण आहे आणि त्याबद्दल कारखान्याला माफ करता येत नाही. तेलाच्या बाबतीत नव्या वादकांना एक सांगणे आहे: शिलाई मशीनचे तेल घालू नये. ते दाट असते, काळ्या मातीची धूळ धरून ठेवते आणि संध्याकाळपर्यंत पिस्टन जड करते. पिस्टनचे पातळ तेल नागपूरला इतवारीत सहज मिळते.

सोबत आलेला माऊथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा तुकडा, सरळ बाजूला ठेवावा. त्याची कड एका बाजूने धारदार होती आणि दांडी वाद्याच्या तोंडात सैल बसत असल्याने सूर डळमळत होता. यूफोनियमच्या माऊथपीसच्या दांड्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांत येतात, त्यामुळे नवा घेताना वाद्य सोबत नेणेच बरे. आमच्याकडे हे वाद्य वाजवणारे काका पूर्वी ट्रंपेट वाजवीत. पुढचे दात गेल्यावर ट्रंपेटचा १६-१७ मिलिमीटरचा छोटा माऊथपीस ओठांना सोसेना. यूफोनियमचा २५ मिलिमीटरच्या आसपासचा रुंद माऊथपीस त्यांना मानवला. बोटेही बदलावी लागली नाहीत, कारण दोन्ही वाद्यांत पिस्टनची मांडणी एकच आहे. पथकातले जुने ट्रंपेटवाले वाया न घालवण्याचा हा चांगला मार्ग आहे आणि वाद्य घेण्याचे तेवढे एक कारणही पुरेसे ठरेल.

रस्त्यावर त्याची दुसरी मर्यादा कळते. भोंगा आकाशाकडे असल्यामुळे आवाज वर जातो. गावातल्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंती आणि टिनाचे छप्पर तो परत देतात, तेव्हा पथक दुप्पट मोठे वाटते; पण वरात गावकुसाबाहेर फाट्यावर आली की समोरच्या माणसालाही यूफोनियम ऐकू येत नाही. सूझाफोनचा भोंगा पुढे वळवला गेला त्यामागे हीच अडचण होती. आम्ही काकांना पहिल्या रांगेतून काढून शेवटच्या रांगेत, ढोलांच्या पुढे उभे केले आणि भोंगा थोडा पुढे कलता ठेवायला सांगितले, त्याने फरक पडला. मे महिन्याच्या ४५ अंशांत लाखेचा मुलामा दिलेले पितळ डाव्या तळव्याला अक्षरशः चटका देते, म्हणून धरण्याच्या जागी सुती पट्टी गुंडाळणे आवश्यक आहे. उन्हात हवा तापली की सूरही चढतो. मुख्य सरकती नळी दुपारी बाहेर आणि रात्रीच्या वरातीला पुन्हा आत, हे अंगवळणी पडायला हवे. आमच्या वाद्यात ती नळी पुरेशी लांब दिली आहे, हे कारखान्याच्या बाजूने नोंदवतो.

त्याच कारखान्याचे चार पिस्टनचे वाद्य सुमारे ६,००० रुपये जास्त देऊन मिळत होते. चौथा पिस्टन पहिल्या आणि तिसऱ्याच्या जोडीचे काम एकटा करतो, त्यामुळे खालचा पंचम आणि रिषभ नीट लागतात. ज्या पथकात वाचून वाजवणारा, डाव्या-उजव्या हाताची सवय बदलू शकणारा तरुण आहे, त्याने तेच घ्यावे. आमच्या काकांना वजन वाढलेले चालले नसते आणि वरातीच्या गाण्यांत ते दोन स्वर क्वचितच लांबवावे लागतात. वाचलेले पैसे माऊथपीस, तेल आणि जाड कापडाच्या खोळीवर खर्च झाले. खोळ कारखान्याने दिलेली नव्हती. पाठवलेल्या खोक्यात नुसता भुसा आणि वर्तमानपत्रे होती, आणि त्यामुळे खालच्या वळणावर एक पोचा पडूनच वाद्य आमच्या हाती आले. तो गावातच काढून घेतला. मागवणाऱ्याने लाकडी पेटीचे पैसे आधीच देऊन पावतीवर तसे लिहून घ्यावे, आणि जादा स्प्रिंगा व पिस्टनखालचे नमदे त्याच पार्सलमध्ये मागवावेत, कारण त्या मापाचे सामान पुढे नागपुरातही चटकन मिळत नाही.