वूफ : शेतावरच्या कामाच्या बदल्यात राहणं-जेवण

सेंद्रिय शेतावर जाऊन राहायचं, दिवसातले चार ते सहा तास काम करायचं, आणि त्याच्या बदल्यात झोपायला जागा नि दोन वेळचं जेवण मिळवायचं, ही 'वूफ'ची (WWOOF, म्हणजे 'वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज ऑन ऑरगॅनिक फार्म्स'ची) पद्धत. पैसा ना यजमान देतो, ना पाहुणा. मी वेगवेगळ्या शेतांवर राहून आले आहे आणि माझं मत पक्कं आहे: सुट्टी घालवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मात्र यजमान पारखून घ्यायला हवा. सगळं त्याच्यावर आहे.

या प्रकाराची सुरुवात 1971 मध्ये इंग्लंडात झाली. सू कॉपर्ड लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करायच्या. शहरात राहणाऱ्यांना अधूनमधून शेतावर जाता यावं, म्हणून त्यांनी ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर एका शनिवार-रविवारी काम करायची परवानगी मिळवली. आता शंभराहून जास्त देशांत असे यजमान आहेत. अनेक ठिकाणी त्या त्या देशाची संस्था वेगळी आणि सभासदत्वही वेगळं, हे आधी लक्षात घ्या. वर्गणी भरली की यजमानांची यादी उघडते, तेवढंच. पुढे पत्र लिहायचं, होकार मिळवायचा, तारखा ठरवायच्या, हे सगळं आपणच करायचं. मला ते आवडतं, कारण त्या पत्रव्यवहारातच माणूस कळायला लागतो.

चांगला यजमान म्हणजे काय, ते मला गाजराच्या वाफ्यात कळलं. गाजराचं बी उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि तोवर तण जोर धरतं. सेंद्रिय शेतात रासायनिक तणनाशक मारत नाहीत, त्यामुळे खुरपणी हातानंच. नुकतं उगवलेलं गाजर इतकं बारीक असतं की गवतातून वेगळं काढता येत नाही. ओळखीची झिरमिरीत पानं नंतर फुटतात. त्या शेताच्या मालकीणबाई माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. एक कोंब त्यांनी बोटाच्या टोकावर घेतला. गवत एका पात्यानं वर येतं, गाजर दोन पानांच्या जोडीनं. तेवढं दाखवून त्या उठून गेल्या नाहीत, पलीकडच्या ओळीत खुरपं घेऊन माझ्याबरोबर पुढे सरकत राहिल्या. दुपारपर्यंत माझी नजर बसली होती.

कंपोस्टच्या ढिगाचंही तसंच. लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसून त्या आकडा मला वाचायला लावत. ढीग 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात. तापमान उतरलं की ढीग पालटायचा; आतल्या जिवाणूंना हवा मिळाली की तो पुन्हा तापतो. वाळका पाला किती, हिरवा किती, हे प्रमाण का सांभाळायचं, तेही फावडं हातात असतानाच समजलं. कुठल्या वर्गात बसून मला ते इतकं पक्कं कळलं नसतं.

दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलट झालं. यजमान सकाळी कामांची यादी ठेवून निघून जायचे. क्रेट धुवायचे, रचायचे, पुन्हा धुवायचे. ठरलेले तास संपले तरी 'थोडंसंच राहिलंय' हे रोजचंच. ही देवाणघेवाण नाही, फुकटची मजुरी आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तिथून परतलेली माणसं पुन्हा कुठल्याच शेतावर जात नाहीत.

म्हणून जाण्याआधी स्पष्ट विचारा: रोज किती तास, आठवड्याची सुट्टी कधी, खोली स्वतंत्र की वाटून घ्यायची, त्या हंगामात नेमकं काम कोणतं, आणि मुख्य म्हणजे माझ्याबरोबर शेतात कोण असेल. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर मी ते शेत सोडून देते. आधीच्या पाहुण्यांचे अभिप्रायही वाचा, पण 'माणसं छान, जागा सुंदर' एवढ्यावर जाऊ नका. दोन्ही बाजू एकमेकांबद्दल लिहितात, त्यामुळे कडवट लिहायला लोक कचरतात. नेमकं काय शिकलो हे कुणी लिहिलंय का, ते शोधा.

परदेशी जाणार असाल तर व्हिसाचा विषय हलक्यात घेऊ नका. पगार नसला तरी राहण्या-जेवणाच्या बदल्यातलं काम अनेक देशांत कामच धरलं जातं. न्यूझीलंडमध्ये त्यासाठी कामाची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडेचा, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा, दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळवायला असं विनापगारी काम पूर्वी चालायचं. 2015 च्या डिसेंबरपासून तिथे पगारी कामच मोजतात. विमा स्वतःचा घ्या. विळा-फावड्याचं काम आहे, जखमा होतात.

फिरणं हाच मुख्य हेतू असेल तर जाऊ नका. कामानंतर उरलेल्या वेळात जवळपासच पाहून होतं. आणि गेलात तर निदान दोन आठवडे द्या. पहिले काही दिवस यजमान तुम्हाला शिकवण्यातच घालवतो. त्यानंतर कुठे तुमचे हात त्याच्या उपयोगी पडायला लागतात.