चावट विनोद, पण प्रेमकथा कोणाची पटते?

हॉलीवूडचा दिग्दर्शक जड अ‍ॅपटोचे दोन विनोदी सिनेमे शेजारी ठेवू: ‘द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन’ (2005) आणि ‘नॉक्ड अप’ (2007).

पहिल्यातला छातीचं वॅक्सिंग करण्याचा प्रसंग बघाच. स्टीव्ह कॅरेलचे केस खरोखर उपटले होते. रिटेक शक्यच नव्हता, म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले. त्यामुळे मित्रांचं हसू आणि त्याची बोंब, दोन्ही अस्सल. कॅरेलने रंगवलेला अँडी, म्हणजे नावातला चाळिशीचा ब्रह्मचारी, हा टिंगलीचा विषय असला तरी सिनेमा त्याला हिणवत नाही. प्रेयसी ट्रिशशी त्याचं नातं हळूहळू मुरतं, म्हणून अश्लील संवादही खपतात. खटकतं ते मित्रांचं समलिंगींवरचं लांबलेलं टोमणेसत्र. ते आज फारच शिळं वाटतं.

‘नॉक्ड अप’ची गंमत मुख्य जोडीत, म्हणजे एका रात्रीच्या भेटीतून गरोदर राहिलेली अ‍ॅलिसन आणि बेन यांच्यात नाही; ती अ‍ॅलिसनची बहीण डेबी आणि तिचा नवरा पीट यांच्यात आहे. नवऱ्याचं लफडं असेल म्हणून डेबी पाळतीवर जाते, तर गडी चोरून फँटसी बेसबॉल (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा खेळ) खेळत असतो! तिथे हसता हसता पोटात कालवतं. पण बेनसारख्या ऐतखाऊसोबत अ‍ॅलिसन का टिकते, याचं उत्तर पटकथेकडे नाही. विनोद सगळे पुरुषांच्या वाट्याला, कटकट बायकांच्या. खुद्द अ‍ॅलिसन साकारणाऱ्या कॅथरीन हायगलने सिनेमाला ‘थोडा सेक्सिस्ट’ (लिंगभेदी) म्हटलं होतं. वर लांबी दोन तासांपुढे.

एकच बघायचा असेल तर पहिला. घरच्यांसोबत मात्र दोन्ही नकोत.