जळगावचा ‘फॉरेनचा बाळंतविडा’: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

जळगावच्या दाणाबाजाराजवळ एका जुन्या दुकानात परदेशातल्या लेकीसाठी बाळंतविडा बांधून मिळतो. आई लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे निघाली की तिच्या २३ किलोच्या बॅगेत हा साधारण ९ किलोचा खोका बसतो. किंमत ६,५०० रुपये. लाडू ऑर्डर आल्यावरच वळतात, म्हणून चार दिवस आधी सांगावं लागतं. आत चार गठ्ठे असतात: कपडे, खाणं, गुटी-काजळ आणि शेक-धुरीचं सामान. पहिला गठ्ठा उशी तेवढी काढून जरूर घ्यावा, दुसरा कुठल्या देशात जायचंय ते सांगून बदलून घ्यावा. उरलेले दोन, तिळाचं तेल सोडून, दुकानातच राहू द्यावेत आणि तेवढे पैसे कमी करून मागावेत. दुकानदार काका ते करून देतात.

कपड्यांत २४ लंगोट, ६ झबली, ६ दुपटी, ४ टोपडी आणि जुन्या सुती पातळांची एक गोधडी येते. कापड मऊ मलमलीचं आहे, शिवण सरळ आहे. झबली पुढून उघडणारी आणि नाडीची आहेत, हे फार चांगलं. नाळ गळेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, डोक्यातून कपडा घालावा लागत नाही आणि बेंबीवर काही घासत नाही. त्या बेंबीला हळद, राख, तेल काहीच लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप सुकते.

लंगोट मात्र घरी आणल्यावर एकेक उलटा करून उजेडात धरावा. कडेच्या टाक्यांचे सुटे धागे आत लोंबत असतात. असा धागा किंवा बाळंतिणीचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला, तर बोट सुजून लाल-निळं होतं आणि रडणाऱ्या बाळाचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. धागे कात्रीने कापा, खळ जाईपर्यंत दोनदा धुवा. तिकडे कपडे ड्रायरमध्ये वाळतात आणि नवं सुती कापड त्यात आटतं, म्हणून झबली एक माप मोठीच मागा. २४ लंगोट कमी वाटतील, पण दवाखान्यात आणि रात्री डायपर वापरले तर पुरतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला झाला, तर दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. जाड डायपरपेक्षा हे लंगोटात पटकन कळतं.

दुपट्यात बाळ गुंडाळताना छातीशी दोन-तीन बोटं जातील इतपत सैल आणि मांड्या मोकळ्या असं गुंडाळावं. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. आणि गाडीतल्या कार सीटचा पट्टा पातळ झबल्यावरच लावायचा, दुपटं वरून पांघरायचं. पट्ट्याच्या आत दुपटं घातलं की पट्टा सैल राहतो.

गोधडीसोबत राईची उशी ठेवलेली असते. ती काढायला सांगा. बाळाला पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशी-पांघरूण-गोधडीशिवाय झोपवायचं, हे तिकडे दवाखान्यातच शिकवतात, आणि ते बरोबर आहे. उशीने तोंड-नाक दबू शकतं. डोक्याला आकार द्यायला बाळ जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पोटावर ठेवावं. गोधडी त्या वेळी जमिनीवर अंथरायला उत्तम.

आता खाणं. डिंकाचे लाडू दीड किलो, मेथीचे अर्धा किलो, बाळंतशेपा पाव किलो, अळीव पाव किलो. डिंकाच्या लाडवात खारीक, खोबरं, खसखस, गूळ आणि भरपूर गोडंबी (बिब्ब्याच्या बीचा गर). गोडंबी हात न आखडता घालणं ही खानदेशची खूण, आणि ते इथे पाळलंय. डिंकही नीट फुललेला आहे. एक लाडू फोडून डिंकाचा दाणा बोटांत चुरडून बघा: भुगा झाला तर तळण बरोबर, चिकट ताणला गेला तर मधे कच्चा राहिलाय. मोठे खडे एकदम कढईत टाकले की असं होतं. तक्रार पॅकिंगची आहे. लाडू गरम असतानाच पिशवीत सील करतात. आत घाम सुटतो आणि दोन आठवड्यांत बुरशी येते. रात्रभर ताटात गार करून भरा म्हणून आवर्जून सांगा, आणि पाकिटावर तारीख लिहून घ्या.

देशानुसार बदल इथे महत्त्वाचे. दुबई, सौदी किंवा सिंगापूरला जाणाऱ्या खोक्यात खसखस अजिबात नको. तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि लाडवातली खसखससुद्धा अडचणीत आणू शकते. ओटीसाठी ठेवलेल्या अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. सुकं खोबरं तेलकट असतं, तापून पेटण्याचा धोका मानला जातो. ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियात दुधाच्या पदार्थांवर कडक बंधनं आहेत, म्हणून तिथल्यासाठी तूप न घालता नुसता सुका माल घ्यावा: खारीक पूड, कच्चा डिंक, गोडंबी, सुंठ. तूप तिथे मिळतं, लाडू तिथेच वळता येतात. अमेरिकेत उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची, लपवायची नाही. घटकांची इंग्रजी यादी दुकान देत नाही. ती द्यायलाच हवी, कारण अधिकाऱ्यासमोर ‘गोडंबी’ म्हणजे काय हे आईला सांगता येत नाही.

गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर गुळाचे लाडू आणि मेथी डॉक्टरांना विचारूनच. अळीव बाळंत झाल्यावरच सुरू करावेत. बाजरीचं किंवा कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ काका आग्रहाने देतात. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ते तिकडच्या भारतीय दुकानातून ताजं घ्यावं.

गुटीच्या पेटीत सहाण, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा, अतिविष आणि मधाची बाटली आहे. माल अस्सल आहे, पण नवजात बाळासाठी यातलं काहीच नको. मधातून वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो, जायफळाने बाळ गुंगतं, आणि वेखंड अमेरिकेत खाद्यपदार्थांत वापरायलाच बंदी आहे. पहिल्या तासातला चीक आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सोबत डॉक्टर सांगतील ते व्हिटॅमिन डीचे थेंब. काजळात शिसं सापडतं, म्हणून डोळ्यांत नको, गालावरच्या तिटीलाही नको. काळ्या मण्यांचा दोरा गळ्यात बांधू नये. फास बसू शकतो आणि मणी तोंडात जाऊ शकतो.

शेक-धुरीच्या गठ्ठ्यात गोवऱ्या, ओवा आणि मातीची शेगडी. बंद फ्लॅटमध्ये निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो वासाने कळत नाही. धुराचा अलार्म वाजेल ते वेगळंच. बाळंतिणीच्या पाठ-कंबरेला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्यावी. या गठ्ठ्यातलं अर्धा लिटर तिळाचं तेल तेवढं घ्या, बाळंतिणीच्या मालिशीला चांगलं. बाटलीचं झाकण सैल असतं, टेप लावून दोन पिशव्यांत घालून चेक-इनमध्येच टाका. बाळाच्या नाकात, कानात तेल सोडू नये. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं.

असा बदललेला खोका सहा किलोच्या आसपास भरतो. उरलेल्या तीन किलोंत आणखी १२ लंगोट आणि बाळंतिणीचे दोन-तीन गाऊन सहज मावतात. ऑर्डर देताना देश, निघायची तारीख आणि काढायच्या वस्तू कागदावर लिहून काकांच्या हातात द्या. फोनवर सांगितलेली खसखस हमखास लाडवात पडते.